डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स यांची टेनिस कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स कोण होत्या?

विम्बल्डनच्या महिला एकेरीत सात विजेतेपदे मिळवणाऱ्या त्या इंग्लिश खेळाडू होत्या. त्यांची विजेतेपदे १९०३, १९०४, १९०६, १९१०, १९११, १९१३ आणि १९१४ या वर्षांतली आहेत. याखेरीज आणखी चार वेळा त्या अंतिम सामन्यात हरल्या, म्हणजे एकूण अकरा अंतिम सामने त्यांच्या नावावर आहेत. तरीही टेनिसच्या इतिहासाची थोडीफार आवड असलेल्या वाचकाला त्यांचे नाव बहुधा एका पराभवामुळेच ठाऊक असते. १९१९ साली फ्रान्सच्या सुझान लाँगलेनने ज्यांना हरवले त्या बाई, एवढ्यावर त्यांची ओळख आटोपते. तो सामना थोर होता यात वाद नाही आणि खाली त्याचा सविस्तर उल्लेख येईलच, परंतु त्या एका दुपारीवरून त्यांची कारकीर्द मोजली तर तिच्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट नजरेतून सुटते. लग्न, दोन बाळंतपणे, एक महायुद्ध आणि चाळिशी, यांपैकी प्रत्येक टप्प्यानंतर त्या पुन्हा मैदानात उतरल्या आणि दर वेळी अव्वल दर्जाचेच टेनिस खेळल्या.

जुन्या नोंदींत कुठे ‘डग्लस’ तर कुठे ‘लॅम्बर्ट चेंबर्स’ असे नाव दिसते. या दोन वेगवेगळ्या खेळाडू आहेत का?

नाही, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. त्यांचे माहेरचे नाव डोरोथिया कॅथरिन डग्लस. एप्रिल १९०७ मध्ये रॉबर्ट लॅम्बर्ट चेंबर्स या व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यानंतरच्या सर्व नोंदी सासरच्या नावाने झाल्या. त्यामुळे पहिली तीन विजेतेपदे मिस डग्लस यांची आणि पुढची चार मिसेस लॅम्बर्ट चेंबर्स यांची, अशी विभागणी जुन्या कागदपत्रांत दिसते. त्या काळातील इतर खेळाडूंबाबतही हाच घोळ होतो. शार्लट कूपर पुढे शार्लट स्टेरी झाल्या आणि एथेल टॉमसन पुढे एथेल लार्कोम झाल्या. नोंदी चाळताना दोन्ही नावे हाताशी ठेवली नाहीत, तर एकाच बाईच्या कारकिर्दीचे दोन तुकडे वेगवेगळ्या खात्यांवर जमा होतात.

त्यांना टेनिसची गोडी कशी लागली?

त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७८ रोजी लंडनच्या पश्चिमेकडील ईलिंग येथे झाला. वडील तेथील धर्मगुरू होते. विम्बल्डनची पहिली स्पर्धा त्याआधी जेमतेम वर्षभर, म्हणजे १८७७ मध्ये भरली होती, तेव्हा लॉन टेनिस आणि ही मुलगी जवळपास बरोबरीनेच वाढली असे म्हणायला हरकत नाही. १८८४ मध्ये विम्बल्डनची पहिली महिला विजेती ठरलेली मॉड वॉटसन हीसुद्धा धर्मगुरूचीच मुलगी होती, आणि हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. धर्मगुरूंच्या निवासस्थानाला लागून हिरवळ असे, घरात पैशांचा सुकाळ नसला तरी सवड असे, आणि आपल्या हिरवळीवर मुलींनी खेळावे याला समाजाची हरकत नसे.

लहानपणी जोडीदार मिळत नसे तेव्हा त्या विटांच्या भिंतीवर चेंडू मारत, आणि प्रेक्षक म्हणून आपल्या बाहुल्या व खेळण्यातले प्राणी मांडून ठेवत, अशी आठवण त्यांनी स्वतःच पुढे लिहिली आहे. भिंत कधी चूक करत नाही आणि दमतही नाही. लांब पल्ल्याचे, न कंटाळता परत परत मारलेले फटके हे त्यांच्या खेळाचे मुख्य लक्षण कुठून आले असावे, याचा अंदाज या चित्रावरून करता येतो.

त्या बॅडमिंटनही खेळत असत, हे खरे आहे का?

होय. ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धेत १९०३ साली महिला दुहेरीचे आणि १९०४ साली मिश्र दुहेरीचे विजेतेपद त्यांनी मिळवले होते. हॉकीतही त्या मिडलसेक्स परगण्याकडून खेळल्या. त्या पिढीत एकाच खेळाला वाहून घेण्याची पद्धत रूढ झालेली नव्हती. उन्हाळ्यात हिरवळीवर टेनिस आणि हिवाळ्यात छपराखाली बॅडमिंटन असे वर्षाचे गणित असे. मराठी वाचकाला येथे एक दुवा ओळखीचा वाटेल. हे बॅडमिंटन म्हणजे पुण्याच्या ब्रिटिश छावणीत रुजलेला आणि काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखला गेलेला खेळ होय.

विम्बल्डनमध्ये त्यांना पहिले यश कधी मिळाले?

१९०० साली त्या विम्बल्डनमध्ये प्रथम खेळल्या, पण फारशी मजल मारू शकल्या नाहीत. १९०३ मध्ये गतविजेती म्युरियल रॉब स्पर्धेत उतरली नाही. डग्लस यांनी अंतिम सामन्यात एथेल टॉमसनविरुद्ध पहिला सेट गमावला आणि तरीही ४-६, ६-४, ६-२ असा विजय मिळवला. पुढच्याच वर्षी अनुभवी शार्लट स्टेरी यांना ६-०, ६-३ असे हरवून त्यांनी विजेतेपद राखले, आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये त्यांच्या तोडीची खेळाडू शोधणे अवघड झाले.

‘चॅलेंज राउंड’ म्हणजे काय? गतविजेतीला एकच सामना खेळावा लागत असेल, तर ही विजेतेपदे स्वस्तात मिळाली असे म्हणता येईल का?

हा प्रश्न रास्त आहे. १९२१ पर्यंत विम्बल्डनमध्ये गतविजेती खेळाडू मुख्य स्पर्धेत खेळतच नसे. बाकीच्या सगळ्या जणी आपापसात खेळत, त्यांतून एक जण पुढे येई आणि मग ती गतविजेतीला आव्हान देई. त्या एकाच लढतीला चॅलेंज राउंड म्हणत. १९२२ मध्ये ही पद्धत रद्द झाली.

आता हिशेब करून पाहू. सातपैकी १९०४, १९११ आणि १९१४ ही तीन विजेतेपदे त्यांनी गतविजेती या नात्याने एकेक सामना जिंकून राखली. १९०३ आणि १९१३ मध्ये गतविजेती खेळली नाही, तेव्हा त्यांना सर्व फेऱ्या पार कराव्या लागल्या. १९०६ आणि १९१० मध्ये तर सर्व फेऱ्या जिंकून शिवाय गतविजेतीलाही हरवावे लागले. म्हणजे चार विजेतेपदे पूर्ण स्पर्धा खेळून मिळवलेली आहेत.

दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. गतविजेती म्हणून त्या एकूण सहा वेळा चॅलेंज राउंडला उतरल्या आणि त्यांपैकी तीन वेळा, म्हणजे १९०५, १९०७ आणि १९१९ मध्ये, हरल्या. समोरची खेळाडू आठ-दहा दिवस त्याच हिरवळीवर खेळून हात बसवून आलेली असे आणि गतविजेती मात्र एकेरीचा पहिलाच सामना थेट सर्वांत कठीण प्रतिस्पर्ध्याशी खेळे. ताजेतवाने राहण्याचा फायदा होता, तसा सराव नसण्याचा तोटाही होता. माझ्या मते सवलत आणि अडचण यांचा ताळेबंद त्यांच्या बाबतीत जवळपास बरोबरीत सुटतो, आणि निम्मे सामने हरल्याचा आकडाही तेच सांगतो.

मे सटन आणि त्यांच्यातील चुरस एवढी का गाजली?

कारण तोपर्यंत विम्बल्डन हा इंग्रजांचा, किंवा फार तर इंग्लंड-आयर्लंडचा, घरगुती मामला होता. १९०५ साली कॅलिफोर्नियाहून अठरा वर्षांची मे सटन आली. तिचा जन्म इंग्लंडमधल्या प्लिमथचा असला तरी ती वाढली आणि टेनिस शिकली ती अमेरिकेत, आणि आदल्याच वर्षी ती अमेरिकेची विजेती झाली होती. तिचा फोरहँड कमालीचा जोरकस होता. चेंडू जाळीवरून उसळत येई आणि टप्पा पडल्यावर अंगावर धावून येई. बाह्या कोपरापर्यंत दुमडून आणि इंग्लिश मुलींपेक्षा आखूड स्कर्ट घालून ती खेळत असल्याबद्दल कुरबुरही झाली. डग्लस यांना ६-३, ६-४ असे हरवून ती विम्बल्डनची एकेरीतील पहिली परदेशी विजेती ठरली, ही नोंद स्त्री आणि पुरुष दोन्ही विभागांना लागू आहे.

पराभवानंतर वर्षभरात डग्लस यांनी या फटक्यावर उतारा शोधला. १९०६ मध्ये त्या सर्व फेऱ्या जिंकून आल्या आणि सटनला ६-३, ९-७ असे हरवून विजेतेपद परत मिळवले. १९०७ मध्ये सटन पुन्हा आली. लग्नाला तीन महिने झालेल्या मिसेस लॅम्बर्ट चेंबर्स यांना तिने ६-१, ६-४ असे सहज नमवले. तीन वर्षांत तीन अंतिम सामने आणि निकाल सटनच्या बाजूने दोन विरुद्ध एक, असा हा हिशेब राहिला. या दोघी पुढे १९२५ मध्ये पुन्हा एकदा समोरासमोर आल्या. त्या भेटीविषयी शेवटी लिहिले आहे.

त्यांनी ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले होते का?

होय, १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये, मैदानी महिला एकेरीत. अंतिम सामन्यात त्यांनी डोरा बूथबीला ६-१, ७-५ असे हरवले. मात्र या पदकाला फार वजन देऊ नये. अनेक खेळाडूंनी ऐनवेळी माघार घेतली होती आणि प्रत्यक्षात अवघ्या पाच जणी खेळल्या, त्या सर्व ब्रिटिश होत्या. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनमध्ये उपउपांत्य फेरीत त्यांना हरवणाऱ्या शार्लट स्टेरी यांची कामगिरी अधिक मोलाची म्हणावी लागेल. दोन मुलांची आई असलेल्या स्टेरी तेव्हा सदतीस वर्षांच्या होत्या आणि त्या वर्षीची स्पर्धाही त्यांनीच जिंकली. एवढ्या वयाची महिला एकेरी विजेती विम्बल्डनला त्यानंतर आजतागायत मिळालेली नाही.

१९०९ आणि १९१२ या वर्षांत त्यांचे नाव का दिसत नाही?

या दोन्ही वर्षी त्या बाळंतपणामुळे स्पर्धेपासून दूर होत्या. परतल्यावर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या मुलानंतर १९१० आणि १९११ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे, आणि दुसऱ्या मुलानंतर १९१३ आणि १९१४ अशी पुन्हा लागोपाठ दोन विजेतेपदे त्यांनी मिळवली. १९१३ मध्ये त्यांनी विनिफ्रेड मॅकनेअर यांना ६-०, ६-४ असे हरवले. त्या वर्षी गतविजेत्या एथेल लार्कोम यांना मिश्र दुहेरीच्या सामन्यात डोळ्याला चेंडू लागल्यामुळे विजेतेपद राखण्यासाठी खेळताच आले नाही. ‘लार्कोम धडधाकट असत्या तर’ अशी शंका तेव्हा घेतली जाणे साहजिक होते. १९१४ मध्ये लार्कोम स्वतः आव्हान देऊन आल्या, आणि चेंबर्स यांनी ७-५, ६-४ असा निकाल लावून त्या शंकेचे उत्तर दिले.

आई झाल्यानंतर विम्बल्डनची एकेरी जिंकणाऱ्या खेळाडूंची यादी फार छोटी आहे. चेंबर्स यांच्या १९१४ च्या विजयानंतर असे नाव थेट १९८० मध्ये, इव्हॉन गूलागाँग यांच्या रूपाने आले. मधली सहासष्ट वर्षे रिकामी आहेत. बाळंतपणानंतरच्या प्रशिक्षणाचे शास्त्र, आहारतज्ज्ञ, फिजिओ यांपैकी काहीही चेंबर्स यांच्या दिमतीला नव्हते.

अंतिम सामन्यात ६-०, ६-० असा निकाल खरोखरच लागला होता का?

होय, १९११ मध्ये. समोर डोरा बूथबी होती, म्हणजे कोणी नवखी खेळाडू नव्हे. ती १९०९ ची विजेती होती आणि १९१० च्या अंतिम सामन्यात चेंबर्स यांच्याकडून ६-२, ६-२ अशी हरली होती. विम्बल्डनच्या महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही गेम न देता जिंकण्याचा हा पहिला प्रसंग होता. दुसरा प्रसंग पाहायला २०२५ साल उजाडावे लागले, जेव्हा इगा श्वीऑनटेकने अमांडा अनिसिमोवाला त्याच आकड्यांनी हरवले. त्या दिवशी जगभरच्या बातम्यांत चेंबर्स यांचे नाव एकदम झळकले, आणि या पानावर येणाऱ्या बऱ्याच प्रश्नांचे मूळही तेच आहे.

त्यांच्या खेळाची शैली कशी होती?

त्या बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेजवळून, खेळणाऱ्या खेळाडू होत्या. फोरहँडचा लांब, खोलवर पडणारा फटका हे त्यांचे मुख्य शस्त्र होते. चेंडू पुन्हा पुन्हा समोरच्या बेसलाइनजवळ टाकून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटायचे, डावी-उजवीकडे पळवायचे आणि ती पुरती मागे अडकली की जाळीजवळ हलकेच ड्रॉप शॉट सोडायचा, अशी त्यांची रीत होती. जाळीकडे धाव घेऊन व्हॉली मारणे, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू परतवणे, त्यांनी फारसे पसंत केले नाही. दम आणि अचूकता यांवर विसंबणारी ही शैली पाहायला नेत्रदीपक नसेल, पण वय वाढले तरी ती टिकते. केवळ वेगावर जगणारी खेळाडू चाळिशीत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचणे कठीणच. चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखणाऱ्या खेळाडूला तेवढे पळावेच लागत नाही.

त्या काळी स्त्रिया कोणते कपडे घालून खेळत? चेंबर्स यांचे याबाबत काय मत होते?

घोट्यापर्यंत पोहोचणारा स्कर्ट, आत परकर आणि कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारे ताठ अंतर्वस्त्र, वर लांब बाह्यांचा पांढरा शर्ट, कॉलर आणि बऱ्याचदा टाय, असा तो वेष असे. जुलैच्या उन्हात हे सगळे अंगावर घेऊन तीन सेट खेळायचे म्हणजे काय दिव्य असेल, याची कल्पना नऊवारी नेसून मैदानात उतरणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंना कदाचित अधिक चांगली आली असती, आणि खरे तर काष्ट्याची नऊवारी पळायला त्याहून सोयीचीच.

चेंबर्स यांनी १९१० मध्ये ‘लॉन टेनिस फॉर लेडीज’ हे पुस्तक लिहिले आणि त्यात पोशाखाला वेगळी जागा दिली. स्कर्ट साधा असावा, चुण्यांचा नसावा, जमिनीपासून चार-पाच इंच वर असावा आणि कपडे पांढरे असावेत, असा त्यांचा सल्ला होता. आजच्या नजरेला हे जुनाट वाटेल, पण चार इंचांची ती मोकळीक म्हणजे त्या काळात मैदानावर स्त्रीने पळावे याला दिलेली उघड संमती होती. या पुस्तकात रॅकेट धरण्याची पद्धत छायाचित्रांसह समजावली आहे, सरावाविषयी आणि स्पर्धेत मन शांत ठेवण्याविषयी लिहिले आहे. स्त्रियांनी गंभीरपणे, जिंकण्यासाठी खेळावे आणि त्यात काही गैर नाही, हा त्या पुस्तकाचा सूर आहे.

१९१९ च्या अंतिम सामन्यात नेमके काय घडले?

युद्धामुळे १९१५ ते १९१८ अशी चार वर्षे विम्बल्डन भरले नाही. १९१९ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा १९१४ च्या विजेत्या या नात्याने चेंबर्स अजूनही गतविजेत्याच होत्या. वय चाळीस वर्षे दहा महिने. आव्हान देणारी सुझान लाँगलेन ही फ्रेंच मुलगी वीस वर्षांची होती आणि हिरवळीवरच्या मोठ्या स्पर्धेत प्रथमच उतरत होती. सामना ५ जुलै रोजी वर्पल रोडच्या जुन्या मैदानावर झाला. राजे पाचवे जॉर्ज, राणी मेरी आणि राजकन्या मेरी हजर होते आणि सुमारे आठ हजार प्रेक्षक दाटीवाटीने बसले होते.

दोघींकडे नुसते पाहिले तरी दोन काळ समोरासमोर उभे असल्याचे कळत होते. चेंबर्स लांब स्कर्ट आणि मनगटापर्यंतच्या बाह्यांत होत्या. लाँगलेनने पोटरीपर्यंतचा झगा, आखूड बाह्या आणि डोक्यावर मऊ टोपी घातली होती, आणि कॉर्सेटला तिने रजा दिली होती.

पहिला सेट अठरा गेम चालला आणि लाँगलेनने तो १०-८ असा घेतला. टायब्रेकर तेव्हा अस्तित्वात नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहावे लागे. एवढा लांब सेट हरल्यावर दुप्पट वयाची खेळाडू गळून जाईल असे कोणालाही वाटले असते. चेंबर्स यांनी दुसरा सेट ६-४ असा जिंकला. लाँगलेन इतकी थकली की प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या वडिलांकडून तिने ब्रँडी मागवून घेतली. तिसऱ्या सेटमध्ये लाँगलेन ४-१ अशी पुढे गेली. तिथून चेंबर्स यांनी एकेक गेम परत मिळवत ६-५ अशी आघाडी घेतली आणि त्या गेममध्ये गुणफलक ४०-१५ असा झाला. हातात दोन मॅच पॉइंट, म्हणजे सामना जिंकून देऊ शकणाऱ्या दोन संधी, आणि समोर आठवे विजेतेपद होते.

पहिल्या मॅच पॉइंटला लाँगलेन चेंडूपर्यंत कशीबशी पोहोचली. चेंडू तारांवर बसलाच नाही, रॅकेटच्या लाकडी कडेला लागला, उडून जाळीच्या वरच्या पट्टीवर आपटला आणि चेंबर्स यांच्या बाजूला मेल्यासारखा पडला. त्याला उत्तर नव्हते. दुसरा मॅच पॉइंट मात्र नशिबाचा नव्हता. लाँगलेनने बॅकहँडचा फटका थेट रेषेलगत मारून तो वाचवला. तो गेम गेला आणि अखेर सेट ९-७ असा गेला. एकूण चव्वेचाळीस गेमचा हा सामना महिलांच्या अंतिम सामन्यांत सर्वांत लांब ठरला. १९७० मध्ये मार्गारेट कोर्ट आणि बिली जीन किंग यांनी सेहेचाळीस गेम खेळेपर्यंत तो विक्रम टिकला.

तो एक गुण मिळाला असता तर काय बदलले असते?

आठ विजेतेपदांचा विक्रम १९१९ मध्येच झाला असता. प्रत्यक्षात त्यांच्या सात विजेतेपदांची बरोबरी करायला हेलन विल्स मूडी यांना १९३५ पर्यंत आणि तो आकडा ओलांडायला १९३८ पर्यंत वाट पाहावी लागली. पुढे मार्टिना नवरातिलोवाने १९९० मध्ये नववे विजेतेपद मिळवले. स्टेफी ग्राफ आणि सेरेना विल्यम्स या दोघी चेंबर्स यांच्याप्रमाणेच सातवर थांबल्या. लाँगलेनच्या बाबतीत मात्र फारसे काही बदलले असते असे वाटत नाही. ती त्यानंतर १९२३ पर्यंत दर वर्षी आणि शिवाय १९२५ मध्ये जिंकली. आज नाही तर उद्या, ती येणारच होती.

त्यानंतर त्यांनी एकेरी खेळणे सोडले का?

बहुतेक ठिकाणी गोष्ट १९१९ पाशी संपवली जाते, ती संपत नाही. १९२० मध्ये गतविजेती लाँगलेन होती, त्यामुळे चेंबर्स यांना पहिल्या फेरीपासून खेळणे भाग होते. एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांनी उपांत्य फेरीत अमेरिकेची अनेकदा विजेती ठरलेली मोल्ला मॅलरी हिला ६-०, ६-३ असे आणि आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यात एलिझाबेथ रायनला ६-२, ६-१ असे गुंडाळले. चॅलेंज राउंडमध्ये लाँगलेनने त्यांना ६-३, ६-० असे हरवले. या वेळी चुरस नव्हती. वर्षभरात लाँगलेन पुष्कळ पुढे गेली होती. माझ्यापुरते सांगायचे तर मॅलरी आणि रायन यांच्याविरुद्धचे ते दोन निकाल मला ऑलिम्पिक पदकापेक्षा मोठे वाटतात.

दुहेरीत त्यांची कामगिरी कशी होती?

एकेरीच्या मानाने बेताची होती. विम्बल्डनमध्ये महिला दुहेरीला अधिकृत दर्जा १९१३ मध्ये मिळाला, म्हणजे त्यांचा उमेदीचा काळ त्याआधीच उलटला होता. १९१३ मध्ये त्या स्टेरी यांच्यासह आणि १९१९ व १९२० मध्ये लार्कोम यांच्यासह अंतिम सामन्यात पोहोचल्या आणि तिन्ही वेळा उपविजेत्या राहिल्या. त्यांतल्या शेवटच्या दोन वेळा समोर लाँगलेन आणि रायन ही जोडी होती.

त्या ज्या मैदानावर खेळल्या ते आजचे सेंटर कोर्टच का?

नाही. त्यांचे सर्व अकरा अंतिम सामने वर्पल रोडच्या, रेल्वेमार्गालगतच्या लहान मैदानावर झाले. तेथील मुख्य कोर्ट आवाराच्या मधोमध असल्यामुळे त्याला सेंटर कोर्ट हे नाव पडले होते. चर्च रोडवरचे आजचे संकुल १९२२ मध्ये सुरू झाले आणि नाव तेवढे सोबत गेले. वर्पल रोडच्या जागेवर आता एका शाळेचे क्रीडांगण आहे.

त्यांचा भारताशी किंवा मराठी जगाशी काही संबंध होता का?

थेट संबंध नव्हता. पण त्यांच्याच हयातीत टेनिस आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतील स्त्रियांपर्यंत पोहोचले, हे नमूद करायला हवे. पुण्यात जन्मलेल्या, शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या पंडिता क्षमा राव या तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांच्यावर संस्कृत काव्ये रचणाऱ्या विदुषी म्हणून प्रसिद्ध आहेत. त्या टेनिसही उत्तम खेळत. त्यांची मुंबईत जन्मलेली कन्या लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय.

१९२५ च्या वाइटमन कपचा उल्लेख वारंवार का होतो?

ब्रिटन आणि अमेरिका यांच्या महिला संघांमधील ही स्पर्धा १९२३ मध्ये सुरू झाली. चेंबर्स १९२४ ते १९२६ अशी तीन वर्षे ब्रिटनच्या कर्णधार होत्या. १९२५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळच्या फॉरेस्ट हिल्स येथे लढत झाली तेव्हा त्यांनी बाहेर बसून सूचना देण्यावर भागवले नाही, स्वतःचे नाव संघात घातले. त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. एकेरीत त्यांनी एलिनॉर गॉस हिला ७-५, ३-६, ६-१ असे हरवले. मधला सेट हरून तिसरा ६-१ असा जिंकायचा, ही त्यांची जुनी खोड गेली नव्हती. दुहेरीत अर्मिनट्रूड हार्वीला साथीला घेऊन त्यांनी १०-८, ६-१ असा विजय मिळवला. ब्रिटनने लढत ४-३ अशी जिंकली आणि त्या चार गुणांपैकी दोन कर्णधाराच्या सामन्यांतून आले होते.

त्या दुहेरीत जाळीपलीकडे दोन जणी होत्या. एक मोल्ला मॅलरी. दुसरीचे नाव गुणफलकावर मिसेस बंडी असे होते, आणि ती म्हणजे विवाहानंतरची मे सटन. वीस वर्षांपूर्वी बाह्या दुमडून विम्बल्डन जिंकून गेलेली ती मुलगी आता अडतिशीत होती.

स्पर्धात्मक टेनिस सोडल्यावर त्यांनी काय केले?

विम्बल्डनमध्ये त्या १९२७ पर्यंत अधूनमधून खेळत राहिल्या. १९२८ मध्ये त्यांनी व्यावसायिक प्रशिक्षक होण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय आज वाटतो तितका साधा नव्हता. पैसे घेऊन शिकवणारी व्यक्ती तेव्हा हौशी राहत नसे आणि १९६८ पूर्वी विम्बल्डनची दारे अशा व्यक्तींना बंद असत. म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्पर्धेचा परवाना स्वतःच परत केला आणि शिकवणीचे शुल्क घ्यायला सुरुवात केली. ७ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९८१ मध्ये झाला.